नाडी सोडा, श्वास पाहा

१८८९ च्या डिसेंबरात हैदराबादहून लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाकडे एक तार गेली. कुत्री, घोडे, माकडं, शेळ्या, मांजरं आणि ससे अशा एकूण ४९० जनावरांना क्लोरोफॉर्म दिला, त्यांतल्या १२० जनावरांचा रक्तदाब यंत्रावर उतरवून घेतला, असं तारेत म्हटलं होतं. पुढे निष्कर्ष होता: क्लोरोफॉर्मचा धोका श्वास कोंडण्याचा किंवा मात्रा जास्त होण्याचा आहे, हृदयाला थेट धोका मुळीच नाही. तार करणारे डॉ. टॉमस लॉडर ब्रंटन हे लंडनच्या औषधशास्त्रातलं मोठं नाव. खर्च मात्र निजामाचा होता.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत राहिलं. आज वाळूजजवळचं बजाजनगर जिथे वसलं आहे तो वडगाव कोल्हाटीचा परिसरही त्याच राज्यातला. कारखाने येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखानाच मुळी १९८५ चा. जनावरांना भूल कशी द्यावी, हे शास्त्र कसं घडत गेलं ते सांगायचं तर बोस्टन, लंडन, एडिंबरा अशी फेरी मारावीच लागते. पण त्यातला सगळ्यात नाट्यमय अंक आपल्या जुन्या संस्थानातच घडला. आणि तो जनावरांच्या भल्यासाठी रचलेला नव्हता. माणसांच्या मृत्यूचं कोडं सोडवण्यासाठी जनावरं वापरली गेली, एवढाच त्यांचा त्यात भाग.

त्याआधी जनावरांची शस्त्रक्रिया म्हणजे दोरखंड आणि मनगटाचं बळ. बैल पाडायचा, चारी पाय जखडायचे, दोघा-तिघांनी मानेवर आणि पुठ्ठ्यावर वजन टाकायचं आणि खच्ची करणं, शिंग कापणं, डाग देणं उरकून घ्यायचं. घोड्याचा वरचा ओठ दोरीच्या फासात पिळून धरायचा, म्हणजे तो तेवढ्यापुरता गप्प उभा राहतो. जनावर हललं नाही की काम नीट झालं, असा हिशेब. विलायतेत याहून वेगळं काही नव्हतं. आपल्या खेड्यांत तर दगडाने बैल बडवण्याचा प्रकार पाहिलेली माणसं अजून भेटतात.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर हुंगवून एका रुग्णाच्या मानेवरची गाठ काढू दिली आणि वेदनेविना शस्त्रक्रिया होऊ शकते हे जगाला दिसलं. बातमी जहाजाने लंडनला पोचली आणि पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला एडवर्ड मेह्यू या जनावरांच्या डॉक्टरने कुत्र्या-मांजरांवर ईथर वापरून पाहिलं. त्याची निराशा झाली. जनावरं धडपडत, विव्हळत. हे विव्हळणं वेदनेचं की गुंगीतलं, हे त्याला ठरवता येईना, आणि त्याने तसं प्रांजळपणे लिहून ठेवलं. आज आपल्याला माहीत आहे की भूल चढताना मधे एक गोंधळाची पायरी येते. शुद्ध हरपलेली असते, पण अंगावरचा ताबाही सुटलेला असतो; त्यात जनावर पाय झाडतं, ओरडतं. मेह्यूला हे ठाऊक नव्हतं. तरीही त्याची शंका मला फार मोलाची वाटते. माणूस शुद्धीवर येऊन ‘काही कळलं नाही’ असं सांगू शकतो. कुत्रं सांगू शकत नाही. भूल देणाऱ्याने ते डोळ्यांनी, बोटांनी आणि कानांनी ताडायचं असतं, आणि पुढचा सगळा वाद नेमकं काय ताडायचं याचाच आहे.

१८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबऱ्याच्या जेम्स यंग सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणला. त्याचा वास गोडसर, तो थोडक्यात काम करतो, पेट घेत नाही. आपल्याकडे त्याचं आणखी एका कारणाने स्वागत झालं असणार: ईथर ३५ अंशांलाच उकळतं, तर क्लोरोफॉर्मला ६१ अंश लागतात. दख्खनच्या उन्हाळ्यात ईथरची बाटली उघडून रुमालावर ओतायची म्हणजे अर्धं हवेत जायचं. १८४८ च्या जानेवारीतच क्लोरोफॉर्म कलकत्त्यात वापरला गेला.

त्याच महिन्यात, २८ जानेवारीला, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. दुखणं किरकोळ, मुलगी धडधाकट, भूल नुकती चढत होती. नंतर असे मृत्यू होतच राहिले, आणि डॉक्टरांत दोन तट पडले. एक म्हणे क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडतो, तेव्हा नाडीवर बोट ठेवा. दुसरा, जेम्स साइम या एडिंबऱ्याच्या शल्यविशारदाचा, म्हणे आधी श्वास थांबतो आणि मग हृदय. तेव्हा श्वासावर डोळा ठेवा, नाडीच्या नादी लागू नका. ग्लासगोच्या एका समितीने १८८० च्या सुमारास जनावरांवरच्या प्रयोगांतून पहिल्या तटाच्या बाजूने कौल दिला.

साइमचा शिष्य एडवर्ड लॉरी १८८५ मध्ये हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आला. अफझलगंजचं इस्पितळ आणि तिथली वैद्यकशाळा त्याच्या हाताखाली होती. माणूस कर्तबगार आणि तितकाच हट्टी. मुलींना वैद्यकशाळेत प्रवेश मिळवून देणारा हाच. त्यांतल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी तरुणीने १८८९ मध्ये शिक्षण पुरं केलं, पुढे भूल देण्यातच हयात घालवली, आणि जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज अनेक जण तिचं नाव घेतात. लॉरीच्या विद्यार्थ्यांना सक्त ताकीद होती: क्लोरोफॉर्म देताना नाडीला हात लावायचा नाही. लक्ष विचलित होतं. श्वास पाहायचा, ऐकायचा, आणि बुबुळाला हलकेच बोट लावल्यावर पापणी मिटेनाशी झाली की क्लोरोफॉर्म बाजूला करायचा.

गुरूचं म्हणणं सिद्ध करण्यासाठी त्याने सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून पैसा मिळवला. १८८८ मध्ये पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. शंभराहून जास्त गावठी कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन मारण्यात आलं आणि प्रत्येक वेळी आधी श्वास थांबला, मग हृदय, असा अहवाल आला. ‘लॅन्सेट’ला तो पटला नाही. तेव्हा निजामाने १००० पौंड देऊ केले: तुम्हीच तुमचा तज्ज्ञ पाठवा. निजाम त्या वेळी बावीस-तेवीस वर्षांचा होता. पदरच्या पैशाने विरोधकाचा माणूस बोलावून आपला दावा तपासून घेणं, हे आजही किती संस्थांना जमतं? ‘लॅन्सेट’ने ब्रंटनला निवडलं, आणि ब्रंटन जहाजात बसला तेव्हा त्याचं मत लॉरीच्या विरुद्ध होतं.

१८८९ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस दुसऱ्या कमिशनचं काम सुरू झालं. अध्यक्ष लॉरी, सोबत ब्रंटन, कलकत्त्याचे जेरल्ड बॉमफर्ड आणि हैदराबादचे डॉ. रुस्तमजी. जनावराच्या धमनीला दाबमापकाची नळी जोडायची, त्याची लेखणी फिरत्या कागदावर टेकवायची; रक्तदाब वर-खाली होईल तशी रेघ वर-खाली उमटत जाते. एकीकडे नाका-तोंडावर क्लोरोफॉर्म, दुसरीकडे छातीच्या हालचालीवर नजर. कधी थोडा थोडा द्यायचा, कधी एकदम भरपूर. कधी पोट भरलेलं, कधी रिकामं. कधी आधी मॉर्फिन टोचलेलं, कधी रक्त काढून अशक्त केलेलं. श्वास मुद्दाम कोंडून पाहायचा, श्वास थांबल्यावर छाती दाबून जनावर परत आणता येतं का तेही पाहायचं. कित्येक जनावरं परत आली. रेघ हळूहळू खाली उतरायची, श्वास थांबायचा, आणि हृदय त्यानंतरही काही काळ धडधडत राहायचं. ब्रंटनने रेघांमागून रेघा पाहिल्या आणि मत बदललं. मग ती तार.

त्या कुत्र्यांविषयी एक शब्द बोलणं प्राप्त आहे. इंग्लंडमध्ये १८७६ च्या कायद्याने जिवंत जनावरांवरच्या प्रयोगांना परवाना लागे. तो कायदा ब्रिटनपुरता. हैदराबादला त्याचा धाक नव्हता आणि बेवारस कुत्र्यांना तोटा नव्हता. एवढा मोठा प्रयोग लंडनमध्ये न होता दख्खनमध्ये झाला, याला निजामाच्या उदारपणाइतकंच हेही कारण होतं. कागदावर त्या कुत्र्यांची जागा आकड्यांपुरतीच आहे. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने, शस्त्रक्रियेचा प्रयोग शक्य तिथे पुरेशी भूल देऊनच करावा, अशी तरतूद केली.

कमिशनचा अहवाल १८९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि लॉरी जिंकल्यासारखा वागू लागला. पण माणसं मरतच होती. केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी १८९३ मध्ये दाखवून दिलं की क्लोरोफॉर्म हृदयाचा जोर थेट कमी करतो. हैदराबादच्या रेघा खऱ्या होत्या, अर्थ लावण्यात चूक होती. तरीही हॅना ग्रीनरचं कोडं सुटेना. तिला मात्रा फार झाली नव्हती. मग ती गेली कशाने?

उत्तर १९११ मध्ये मिळालं, आणि तेही मांजरांकडून. लंडनच्या गुडमन लेव्हीने मांजरांना अगदी हलका क्लोरोफॉर्म दिला आणि ॲड्रिनलीन टोचलं. हृदय ठोका द्यायचं सोडून नुसतं थरथरू लागलं आणि मांजर तत्क्षणी मेलं. पूर्ण भूल चढलेल्या मांजरात हे सहसा होत नसे. ॲड्रिनलीन म्हणजे घाबरल्यावर शरीर स्वतःच रक्तात सोडतं ते द्रव्य. म्हणजे घाबरलेला, झटापट करणारा रुग्ण आणि अर्धवट क्लोरोफॉर्म, ही जोडी घातक. हैदराबादची कुत्री खोल गुंगीत नेऊन मारली होती, म्हणून तिथे श्वासच आधी थांबला. लॉरीने पाहिलं ते खोटं नव्हतं. मृत्यूची दुसरी वाट त्याच्या प्रयोगात सापडण्यासारखी नव्हती, आणि जिच्यावरून ती सापडली असती ती नाडी पाहायला त्याने मनाई केली होती.

जनावरांच्या डॉक्टरांच्या दृष्टीने लेव्हीचा शोध हैदराबादच्या निष्कर्षापेक्षा मोठा आहे, कारण त्यांचा जवळजवळ प्रत्येक रुग्ण घाबरलेलाच येतो. आपल्याकडे मुंबईला परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचं काम १८८६ मध्ये जे. एच. स्टील यांच्या हाताखाली सुरू झालं, म्हणजे लॉरीच्या दुसऱ्या कमिशनच्या तीनच वर्षं आधी. त्या काळच्या पशुवैद्याकडे क्लोरोफॉर्म होता, घोड्याला गुंगी आणायला क्लोरल हायड्रेट होतं, आणि बाकी दोरखंडच. ब्रिटनमध्ये काही शस्त्रक्रियांपुरती जनावरांना भूल देणं कायद्याने सक्तीचं झालं ते १९१९ मध्ये. पुढे १९५० च्या दशकात हॅलोथेन आलं, पण तेही ॲड्रिनलीनच्या बाबतीत हृदयाला हळवं करणारंच निघालं. म्हणून नियम पक्का होत गेला: आधी जनावर शांत करा, मग भूल द्या. भुलेआधीचं पहिलं गुंगीचं इंजेक्शन डॉक्टरांच्या सोयीसाठी असतं, असा आपला समज असतो. ते जनावराच्या हृदयासाठीही असतं.

त्या कामाचं औषध अचानक हाती लागलं. १९६२ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत झायलाझिन तयार झालं ते रक्तदाबावरचं औषध म्हणून. जनावरं त्याने पेंगू लागली. आज आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यात ते सर्रास वापरतात, पण त्यात एक मेख आहे: घोड्याला जेवढं लागतं त्याच्या दहाव्या हिश्श्यात गाय आडवी होते. वजनावरून मात्रा काढण्याचं गणित जनावराच्या जातीपाशी येऊन थांबतं. शेळी तर बधिरतेच्या लिग्नोकेनलाही लवकर बाधते. उस्मानाबादी शेळीच्या लहान करडाला मोठ्या जनावराच्या अंदाजाने इंजेक्शन दिलं तर झटके येऊ शकतात. सडसडीत शिकारी कुत्र्याच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळे थायोपेंटोनसारख्या औषधातून ते फार उशिरा जागं होतं. आपल्याकडच्या कारवान कुत्र्याच्या मालकाने हे डॉक्टरांच्या कानावर घातलेलं बरं. चपट्या नाकाच्या पगला औषधापेक्षा स्वतःच्या घशाचाच धोका जास्त. ‘जनावरांची भूल’ अशी एक वस्तू नाहीच.

मराठवाड्यात मुख्य रुग्ण म्हणजे गाय, बैल आणि म्हैस, आणि यांना शक्यतो पूर्ण भूल देतच नाहीत. कारण त्यांचं कोठीपोट. गाय कुशीवर आडवी पडली की अन्नाने भरलेलं ते पोट छातीच्या पडद्यावर दाबतं, आत साचणारा वायू ढेकरेवाटे बाहेर पडत नाही, पोट फुगतं. रवंथाचं अन्न आणि लाळ उलटून श्वासनलिकेत गेली की खेळ आटोपला. म्हणून शस्त्रक्रियेआधी मोठ्या जनावराचा चारा साधारण दिवसभर बंद ठेवतात, आणि जमेल तिथे उभ्या गायीचीच जागा बधिर करून काम करतात. व्हिएन्नाच्या फ्रांझ बेनेशने १९२६ मध्ये गायीच्या शेपटीच्या बुडाशी, मणक्यांच्या फटीत बधिरतेचं औषध देण्याची पद्धत सांगितली. डॉक्टर शेपटी पंपाच्या दांड्यासारखी वर-खाली हलवतात, बोटाने फट शोधतात, सुई घालतात. थोड्या वेळात शेपटी लुळी पडते, शेपटीला आणि मायांगाला जाणीव राहत नाही आणि गाय चारही पायांवर उभीच असते. व्यायल्यावर अंग बाहेर आलेल्या गायीचं काम असंच होतं. बैलाच्या शिंगाच्या कर्करोगात शिंग कापायचं तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडाकडे जाणारी हाडाची कड चाचपायची आणि तिच्याखाली लिग्नोकेन भरायचं. शिंगाची शीर तिथून जाते. स्वीडनमध्ये १९४३ मध्ये बनलेल्या या एका औषधाने देवणी आणि लाल कंधारी बैलांचे जितके हाल वाचवले, तितके बाकी सगळ्या औषधांनी मिळून वाचवले नसतील, असं माझं मत आहे. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असल्यामुळे ही विद्या मराठवाड्यातच शिकायला मिळते.

घाबरलेल्या जनावराचा कठीण पेपर म्हणजे बिबट्या. डिसेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद शहरात सिडको एन-१ भागात बिबट्या शिरला आणि वनखात्याने काही तासांच्या खटपटीनंतर त्याला बेशुद्ध करून पकडलं. अशा वेळी सहसा झायलाझिन आणि केटामाइन यांची जोडी बंदुकीतून मारतात. गच्चीगच्चीवरून आरडाओरडा चालू असेल, जनावर बिथरलेलं असेल, तर त्याच मात्रेला गुंगी उशिरा आणि अर्धवट चढते. लोकांना मागे हटवणारा पोलिस त्या वेळी औषधाइतकाच उपयोगी असतो. लेव्हीच्या मांजरांनी शिकवलेला धडा गल्लीतही तोच आहे.

नाडी की श्वास, या जुन्या भांडणाचा निकालही जनावरांच्याच आकड्यांनी लावला. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८,००० कुत्री आणि ७९,००० मांजरं यांच्या भुलेची नोंद ठेवली गेली. भूल किंवा गुंगीमुळे कुत्र्यांत साधारण ६०० मागे एक आणि मांजरांत ४२० मागे एक मृत्यू आढळला. ज्या मांजरांची नाडी पाहिली जात होती आणि जिभेला किंवा पंजाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं. लॉरीने विद्यार्थ्यांना जे करायला बंदी केली होती, नेमकं तेच. श्वासाकडे लक्ष द्या, हे त्याचं म्हणणं मात्र आजही तितकंच खरं आहे. आजचा डॉक्टर श्वास, नाडी, हिरड्यांचा रंग आणि पापणी, सगळंच पाहतो.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मालकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. सर्वाधिक मृत्यू शस्त्रक्रियेच्या टेबलावर झालेले नाहीत. ते नंतर झाले, आणि त्यांतले बरेचसे पहिल्या तीन तासांत. टाके पडले, आता घरी न्या, एवढ्यावर समाधान मानू नका. बजाजनगरात कारखान्याची पाळी गाठायची घाई प्रत्येकालाच असते, पण कुत्रं किंवा मांजर मान वर धरून बसेपर्यंत दवाखान्यातच थांबा, तोवर त्याला पाणीसुद्धा पाजू नका, आणि थंडीत अंगावर गोधडी टाका. जाण्याआधी त्याला शेवटचं काय आणि केव्हा खाऊ घातलं ते खरं सांगा. लाडापोटी सकाळी एक बिस्कीट दिलं असेल तर तेही. सशाला मात्र उपाशी ठेवू नका, त्याला उलटी होतच नाही. वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर करून घ्या. आणि टेबलावर घेण्याआधी दोन मिनिटं त्याच्या अंगावरून हात फिरवत उभे राहा. डॉक्टरांनी घाई केली तरी ती दोन मिनिटं मागून घ्या.